चर्चचा कारभार बघणाऱ्या पंच कमिटीत नवा आहेस ना?

जय ख्रिस्त भाऊ! पंच झालास, आनंद वाटला. सुरुवातीला एवढंच सांभाळ:

१. ठराव आधी लिहून आणायचा आणि शेवटी दोन मिनिटांच्या प्रार्थनेत त्यावर आशीर्वाद मागायचा, ही आपली जुनी खोड. बायबलमधलं यहोशवा 9 वाच. लांबून आल्याचं सोंग घेतलेल्या गिबोनी लोकांच्या बुरसटलेल्या भाकरी इस्राएलच्या पुढाऱ्यांनी पाहिल्या आणि फसून करार केला, परमेश्वराला मात्र कोणी विचारलंच नाही.

२. 'देवानं मला दाखवलं' म्हणत समोरच्याचं तोंड बंद करू नकोस. प्रेषितांची कृत्ये 15 मध्ये यरुशलेमेत पहिल्या मंडळीच्या सभेतही बराच वाद झाला. मग बर्णबा-पौल या प्रेषितांचं सगळ्यांनी गप्प बसून ऐकलं.

३. एकमत नसेल तर विषय पुढच्या सभेला ठेव. आम्ही छपराचे पत्रे घाईत बदलले, तीन घरं उपासनेला यायची थांबली.

चर्चच्या घटनेतली कलमं, निवडणुका नंतर बघू. हिशेबाची वही मात्र पहिल्याच महिन्यात मागून घे.