क्राकूफला जाताय? वाचकांचे प्रश्न, प्रवासाची उत्तरे

गेल्या अंकात पोलंडच्या क्राकूफ शहराविषयी चार ओळी लिहिल्या होत्या. त्यावर आलेल्या पत्रांतली ही काही. माझी लेक तिथे शिकायला होती, तेव्हा तिच्याकडे राहून मी हे शहर निवांत पाहिलं. त्या आधारावर सांगते.

*ताई, मे महिन्यात आम्ही दोघं चार दिवस क्राकूफला जातोय. टूरवाल्याने एकाच दिवशी सकाळी आउशविट्झ आणि दुपारी मिठाची खाण लावली आहे. ह्यांचे गुडघे दुखतात. झेपेल का?*
— वाचक भगिनी, प्रतापनगर

असं करू नका, अगदी बहिणीच्या हक्काने सांगते. आउशविट्झ, म्हणजे दुसऱ्या महायुद्धातली नाझींची मृत्युछावणी, क्राकूफपासून साधारण सत्तर किलोमीटरवर आहे. मूळ छावणी आणि बिर्केनाउ या दोन वेगळ्या जागा आहेत. मधल्या अंतरासाठी मोफत बस असते, आणि दोन्ही पाहायला साडेतीन तास तरी हवेत. तिथे सुमारे ११ लाख माणसं मारली गेली. त्यातली जवळपास दहा लाख ज्यू होती. एका दालनात काचेमागे कापलेल्या केसांचा ढीग आहे. तिथे फोटो काढायला मनाई आहे. दुसरीकडे सुटकेसांचा ढीग आहे, आणि त्यांवर मोठ्या पांढऱ्या अक्षरांत नाव, गाव, जन्मसाल लिहिलेलं. सामान परत मिळेल या भरवशावर त्या माणसांनी ते लिहिलं होतं. हे पाहून बाहेर यायचं आणि तासाभरात मिठाची झुंबरं बघायला रांगेत उभं राहायचं, हे मला मनापासून पटत नाही. तो दिवस त्या जागेलाच द्या. संध्याकाळी विस्वा नदीच्या काठी नुसतं बसा.

गाइडशिवाय गेलात तर आत जायला पैसे पडत नाहीत, पण वेळ ठरवून पास आधी ऑनलाइन घ्यावाच लागतो, आणि उन्हाळ्यात ते फार लवकर संपतात. तेव्हा विमानाचं तिकीट पक्कं झालं की त्याच आठवड्यात हे करा. पासवर नाव पासपोर्टवर आहे तसंच घाला, वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव असेल तर तेही. दारावर ते ताडून बघतात. मोठी बॅग आत नेता येत नाही, हातात लहानशी पर्स ठेवा.

आता विएलिच्काची मिठाची खाण. क्राकूफच्या मुख्य स्टेशनावरून लोकल गाडी खाणीजवळच्या स्टेशनापर्यंत नेते, टॅक्सीची गरज नाही. अडचण आहे ती पायऱ्यांची. पहिल्याच उतरणीला ३८० लाकडी पायऱ्या आहेत. जिना चौकोनात फिरत फिरत ६४ मीटर खाली जातो, आणि कठड्यातून डोकावलं तरी तळ दिसत नाही. पूर्ण फेरीत सुमारे ८०० पायऱ्या होतात. वर यायला लिफ्ट आहे, पण दुखऱ्या गुडघ्याला चढण्यापेक्षा उतरणंच जड जातं, हे तुम्हाला मी सांगायला नको. चालायला त्रास असणाऱ्यांसाठी लिफ्टने उतरण्याची वेगळी सोय आहे. त्यासाठी खाणीच्या कार्यालयाला आगाऊ लिहा. ते जमलं तर नक्की जा. संत किंगाचं प्रार्थनामंदिर जमिनीखाली १०१ मीटरवर मिठातच कोरलेलं आहे. पायाखालची फरशीसुद्धा मिठाची, झुंबरांतले लोलकही मिठाचे. आत बाराही महिने गारवा असतो, म्हणून मे महिन्यातही स्वेटर जवळ ठेवा.

नाहीच जमलं तर त्या दिवशी ह्यांना चार्तोरिस्की संग्रहालयात न्या. लिओनार्डो दा विंचीचं ‘लेडी विथ ॲन अर्मिन’, म्हणजे मुंगसासारखा छोटा प्राणी हातात धरलेल्या तरुणीचं चित्र, तिथे आहे. चित्र लहान आहे, त्यामुळे अगदी जवळ जाऊन बघता येतं. तिच्या बोटांची ठेवण नीट बघा.

उरलेले दोन दिवस जुन्या शहरात पायी फिरा. मोठा चौक १२५७ साली आखला, प्रत्येक बाजू जवळपास २०० मीटर. सेंट मेरी चर्चच्या उंच मनोऱ्यावरून दर तासाला तुतारी वाजते. वाजवणारे अग्निशामक दलाचे जवान असतात. चार दिशांच्या चार खिडक्यांतून एकच धून, आणि ती मध्येच तुटते. तातारांच्या, म्हणजे मंगोल टोळ्यांच्या, हल्ल्याचा इशारा देणाऱ्या शिपायाच्या गळ्यात तिथेच बाण लागला, अशी दंतकथा आहे. मान वर करून बघितलंत तर खिडकीतून पितळ चमकताना दिसतं, आणि वाजवून झालं की वरचा माणूस खालच्यांना हात हलवतो. आमची लेक रोज कॉलेजला जाताना त्याला उलट हात करायची. चर्चच्या आत शिल्पकार फाइट श्टोसने १४७७ ते १४८९ या काळात कोरलेली लाकडी वेदी आहे. तिची दारं कधी उघडतात ती वेळ आधी बघून ठेवा, कारण मिटलेली वेदी बघून परतणं म्हणजे अर्धंच बघणं.

*दहा वर्षांच्या मुलाला आउशविट्झला न्यावं का?*
— एक वडील, मानेवाडा

नको. चौदा वर्षांखालच्या मुलांना आणू नये असं ते स्मारकही सुचवतं. त्याला राजवाडा आहे त्या वावेल टेकडीवर न्या. राजवाड्याच्या वेगवेगळ्या दालनांची तिकिटं वेगवेगळी असतात. मुलासोबत सगळी घेऊ नका, एखादं पुरे. त्याऐवजी कॅथेड्रलच्या मनोऱ्यातली १५२० सालची झिगमुंट घंटा दाखवा, अरुंद लाकडी जिन्याने चढायला त्याला मजा येईल. टेकडीच्या पायथ्याशी ड्रॅगनचा पुतळा आहे, तो थोड्या थोड्या वेळाने तोंडातून खरी आग ओकतो. तिथून मुलगा हलणार नाही, तेवढा वेळ हाताशी ठेवा.

*आम्ही शुद्ध शाकाहारी. तिथे उपाशी राहायची वेळ येईल का?*
— वाचक, महाल

नाही. ‘बार म्लेच्नी’ म्हणून स्वस्त, साध्या खानावळी असतात. तिथे ‘पिएरोगी रुस्किए’ मागा. बटाटा, ताजं चीज आणि कांदा भरलेल्या, उकडलेल्या करंज्या. पण ऐका, वरून तळलेल्या चरबीचे बारीक तुकडे घालायची पद्धत आहे, म्हणून ‘बेझ स्क्वारेक’ असं आधीच सांगा. सूपमध्ये बहुधा मांसाचं पाणी असतं, ते टाळा. बटाट्याचे ‘प्लात्स्की’ चांगले, पण कशात तळले ते विचारा. रस्त्यावरच्या गाड्यांवर तीळ-खसखस लावलेलं कडं मिळतं, ‘ओब्वाझानेक’. सकाळी ताजं असतानाच घ्या, दुपारी ते चिवट होतं. नळाचं पाणी पिण्याजोगं असतं.

*दिवाळीच्या सुट्टीत गेलो तर?*
— शिक्षिका, नंदनवन

थंडी असेल आणि साडेचार-पाचला अंधार पडेल. १ नोव्हेंबरला ‘ऑल सेंट्स डे’, म्हणजे दिवंगतांच्या आठवणीचा दिवस, म्हणून दुकानं बंद असतात, एरवीही बहुतेक रविवारी मोठी दुकानं उघडत नाहीत, तेव्हा दूध-ब्रेड आदल्या दिवशी घ्या. पण १ नोव्हेंबरच्या संध्याकाळी राकोवित्स्की दफनभूमीत जरूर जा. घरोघरची माणसं फुलं आणि काचेतले दिवे घेऊन आपल्या माणसांकडे येतात. सगळी दफनभूमी दिव्यांनी भरून जाते. हळू चाला, मोबाइल पर्समध्ये ठेवा.

*पैसे युरोत न्यावे का? आणि लेकीसाठी संत्री नेता येतील का?*
— वाचक भगिनी, इतवारी

पोलंडमध्ये युरो नाही, झ्लोटी चालतो. युरो नेऊन शहरातल्या ‘कांतोर’मध्ये, म्हणजे पैसे बदलायच्या दुकानात, बदला, विमानतळावर नको. फलकावर खरेदी आणि विक्रीचे दोन भाव असतात. दोन्हींत फरक फार असेल तर पुढच्या दुकानात जा. एटीएमवर ‘रुपयांत हिशेब करू का’ असं विचारलं तर नाही म्हणा, झ्लोटीच निवडा. ट्रॅमचं कागदी तिकीट चढल्याबरोबर छोट्या यंत्रात घालून शिक्का उमटवा. नुसतं खिशात ठेवलं तर तपासनीस दंड करतो. आणि सार्वजनिक शौचालयाच्या दारावर गोल असेल ते बायकांचं, त्रिकोण पुरुषांचं. सुटी नाणी जवळ ठेवा.

संत्री मात्र नेऊ नका. प्रमाणपत्राशिवाय युरोपीय संघात ताजी संत्री नेता येत नाहीत, आणि तूप, पनीर, खवा असे दुधाचे पदार्थही नेऊ देत नाहीत. लेकीसाठी पोह्यांचा चिवडा आणि लसणाची सुकी चटणी बांधा. चटणी दोन पिशव्यांत घट्ट बंद करा, नाहीतर सगळ्या कपड्यांना वास लागेल.