बदल्यात काय घेतलंस?

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र दोनदा वाचलं आणि रिपोर्टही नीट पाहिला. बी-१२ जीवनसत्त्व अवघं १३८, हिमोग्लोबिन ११.४, तळपायाला मुंग्या, सोळाशे मीटरच्या तिसऱ्या फेरीला पाय जड. एवढं सगळं लिहून शेवटी प्रश्न काय विचारलास, तर "बाई, माळ उतरवू का?" तुझ्या भरतीच्या अकॅडमीतली पोरं म्हणतात, मटणाशिवाय अंगात रग येत नाही. आबा म्हणतात, आपल्या सात पिढ्या भाजी-भाकरीवर जगल्या. तू दोघांच्या मधे अडकलास आणि झोप घालवून बसलास.

माळ ठेवायची की उतरवायची हे मी सांगणार नाही. तो तुझा आणि आबांचा विषय आहे, तुझा आणि पांडुरंगाचा आहे. मी फक्त विचारते, आणि नोकरीभर ज्याला त्याला हेच विचारत आले: सोडलंस ते कळलं, बदल्यात काय घेतलंस?

तुझ्या पत्रात याचं उत्तर कुठेच नाही. सकाळी चहा-खारी, दुपारी मेसचं पातळ वरण, भात आणि बटाट्याची भाजी, रात्री तेच. महिन्याच्या दोन्ही एकादशींना साबुदाणा. घरी दोन म्हशी, पण दूध सगळं डेअरीला जातं. अरे, याला शाकाहार म्हणतात का? हे नुसतं पोट भरणं झालं. आबांच्या लहानपणी घरात हुलग्याचं माडगं होतं, ताक होतं, दुभत्या जनावराचं दूध घरच्या पोरांच्या तोंडी लागत होतं. त्यांच्या भाजी-भाकरीत हे सगळं धरलेलं आहे. तुझ्या मेसच्या ताटात यातलं काय उरलंय ते मला दाखव.

आता मुद्द्याचं. बी-१२ कुठलीच वनस्पती बनवत नाही. बकराही बनवत नाही, गायही नाही. ते बनवतात जिवाणू. रवंथ करणाऱ्या जनावराच्या पोटात ते असतात, तिथून ते रक्तात, मांसात, दुधात उतरतं. माणसाला मिळतं ते मांस, मासे, अंडी आणि दूध यांतून. प्रौढ माणसाला रोज लागतं किती, तर दोन ते अडीच मायक्रोग्रॅम. पाव लिटर दुधात साधारण एक मायक्रोग्रॅम असतं, आणि दूध फार वेळ उकळत ठेवलं तर त्यातलाही काही भाग जातो. शरीर यकृतात साठा करून ठेवतं, म्हणून कमतरता लगेच कळत नाही. वर्षं जातात. आणि कळते तेव्हा नसांना लागलेली असते.

तुझी दुसरी शंका वाचून मात्र मला राग आला. कुणीतरी तुला सांगितलं की बी-१२ ची इंजेक्शनं म्हणजे मागच्या दारानं मांसच, आणि तू ती घेतलीच नाहीस. बाळा, औषधातलं बी-१२ जिवाणूंच्या किण्वनातून तयार होतं. त्यात बकरा नाही, मासा नाही. कॅप्सूलचं आवरण पुष्कळदा जिलेटीनचं असतं आणि जिलेटीन प्राण्यांचं असतं, ही शंका रास्त आहे. मग साधी गोळी माग. इंजेक्शनला तर आवरणच नसतं. तुझी माळ आहे तिथेच राहील. पण पायाच्या नसा एकदा कायमच्या बधिर झाल्या तर वारीला चालणार कसा?

तुझ्यासारखा तू एकटाच आहेस असं समजू नकोस. पुण्याच्या केईएम हॉस्पिटलच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुणे परिसरातल्या ४४१ पुरुषांचं रक्त तपासलं होतं, २००६ साली ते प्रसिद्ध झालं. खेड्यातले, झोपडपट्टीतले, शहरी मध्यमवर्गातले, सगळे त्यात होते. ६७ टक्क्यांचं बी-१२ कमी निघालं, शहरी मध्यमवर्गात तर ८१ टक्क्यांचं. शाकाहारींना धोका चौपटीहून जास्त. पण कमतरता नुसत्या शाकाहारींपुरती नव्हती, हे तुझ्या अकॅडमीतल्या पोरांना सांग. आपल्याकडे "आम्ही खातो" म्हणणारा किती खातो? रविवारी अर्धा किलो मटण, खाणारी तोंडं आठ. फोडी पुरुषांच्या ताटात, बायकांच्या वाट्याला रस्सा. मी किती घरांत पाहिलंय, पातेल्याच्या तळाशी पळी फिरवून सासूनं सुनेला वाढलेला तो लाल रस्सा, वर तेलाचा तवंग, फोड एकही नाही. ती बाई मांसाहारी म्हणून नोंदली जाते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून जास्त बायका रक्तक्षयी निघाल्या. त्या सगळ्या काही माळकरी नाहीत.

म्हणून मटणाच्या बाजूनं बोलणाऱ्यांनाही माझा प्रश्न तोच. खातोस ते कळलं, त्यातून मिळालं किती? आणि रोज खाणाऱ्याचं सगळं छान असतं असंही नाही. सॉसेज, सलामी असलं प्रक्रिया केलेलं मांस कर्करोगाला कारण ठरतं असं जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं २०१५ साली जाहीर केलं. असं मांस रोज ५० ग्रॅम खाल्लं तर मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचा धोका १८ टक्क्यांनी वाढतो. उलट ऑक्सफर्डच्या अभ्यासात ब्रिटनमधल्या शाकाहारींना हृदयविकार कमी आढळला, पण पक्षाघात थोडा जास्त. एकाच अभ्यासात दोन्ही. कुठल्याही बाजूनं झेंडा नाचवावा असं त्यात काही नाही.

मला पटलेलं सांगते: माणसाला मांस खाल्लंच पाहिजे असं नाही. विचार करून आखलेला शाकाहार पोरवयापासून म्हातारपणापर्यंत चालतो. मांस हा बी-१२, लोह, प्रथिनं एकदम मिळण्याचा सोपा रस्ता आहे, इतकंच. सोपा रस्ता सोडला की हिशेब ठेवावा लागतो. तो हिशेब कुणी ठेवत नाही, हे माझं आयुष्यभराचं भांडण आहे.

या भांडणापायी मी दोन्हीकडून बोलणी खाल्ली. अंड्याबद्दल बोलले की म्हणायचे, बाई धर्म बुडवायला निघाल्या. गोळीनं भागतं म्हटलं की म्हणायचे, बाई शाकाहाराची वकिली करतात. मी माझं सोडलं नाही, आणि बरोबरच केलं. शाळेच्या पोषण आहारात २०२३ च्या नोव्हेंबरात आठवड्याला एक अंडं आलं तेव्हा मला आनंद झाला होता. न खाणाऱ्या मुलांना केळं द्यायचं ठरलं. तेव्हाही मी म्हणत होते, केळ्यात बी-१२ नसतं रे! प्रथिनंही जेमतेम ग्रॅमभर. त्या पोराला दूध द्या. मग २०२५ च्या जानेवारीत सरकारनं अंड्यांसाठीचे पैसेच थांबवले. काढलंत ते कळलं, बदल्यात काय दिलंत?

खंत एकाच गोष्टीची आहे. आमच्या आरोग्य केंद्रात हिमोग्लोबिन बघता यायचं, बी-१२ तपासायची सोयच नव्हती. लोह आणि फॉलिक अॅसिडच्या लाल गोळ्या वाटत राहायच्या. बायका म्हणायच्या, "गोळ्या खाल्ल्या, पण पायाची आग जात नाही." फॉलिक अॅसिडनं रक्त सुधारल्यासारखं दिसतं आणि बी-१२ अभावी नसा झिजतच राहतात. मी वर लिहीत राहिले, वरून उत्तर आलं नाही. म्हणून सांगते, मित्रानं दिलेल्या त्या लाल गोळ्या एकट्या खात बसू नकोस.

उद्याच्या उद्या रिपोर्ट घेऊन डॉक्टरकडे जा आणि इंजेक्शनचा कोर्स ठरवून घे. डोस मी पत्रात लिहिणार नाही. आईला सांग, डेअरीला घालायच्या आधी अर्धा लिटर दूध तुझ्यासाठी बाजूला काढायचं. ते मेसवर पोचत नसेल तर तिथे विकत घे, पण घे. तुझं वजन ६४ किलो. किलोमागे ०.८३ ग्रॅम धरलं तर साधारण ५३ ग्रॅम प्रथिनं बसून राहणाऱ्याला लागतात, तू तर पळतोस. मूठभर शेंगदाणे, मोडाची मटकी, हुलगे, सोयाबीन, हे रोज पोटात गेलं पाहिजे. जेवणावर लिंबू पिळ, आणि जेवल्याबरोबर चहा पिऊ नकोस, लोह अंगी लागत नाही. एकादशीला साबुदाण्याऐवजी वरीचे तांदूळ आणि दाण्याची आमटी कर, आबांची हरकत असणार नाही.

आणि माळ उतरवून उद्यापासून मटण खायचं ठरवलंस, तरी मी नाराज होणार नाही. पण तेव्हाही आधी इंजेक्शनं घे. १३८ वर आलेला माणूस रविवारच्या दोन फोडींनी भरून निघत नाही.

पत्राच्या कडेला तू ओझरतं लिहिलंस की ताई बाळंतपणाला माहेरी आलीय, सहावा महिना लागलाय. ती तुझ्याच घरात, त्याच ताटावर वाढलेली. पुण्याजवळच्या सहा गावांत आया आणि मुलांचा वर्षानुवर्षं अभ्यास झालाय. ज्या आयांचं गरोदरपणात फोलेट (फॉलिक अॅसिड ज्या जीवनसत्त्वाचं रूप आहे ते) भरपूर आणि बी-१२ कमी होतं, त्यांच्या मुलांत सहाव्या वर्षीच मधुमेहाकडे झुकणारी लक्षणं जास्त दिसली. तिलाही केंद्रातून लाल गोळ्या मिळत असतील. त्या बंद करायच्या नाहीत, पण तिचं बी-१२ याच आठवड्यात तपासून घे आणि आकडा मला कळव. तुझ्या भरतीचं आपण नंतर बघू.

तुझी,
डॉक्टरबाई