आयेशा : जगणारी

प्रश्न : ‘आयेशा’ या नावाचा अर्थ काय? ते आणि ‘आशा’ एकच का?

उत्तर : नाही. ‘आशा’ संस्कृत आहे. पूर्व आफ्रिकेतल्या स्वाहिली भाषेत मात्र आयेशाचेच रूप ‘आशा’ असे होते, त्यामुळे घोटाळा होणे स्वाभाविक आहे. ‘आयेशा’ हे अरबीतील ‘जगणे’ या अर्थाच्या धातूपासून बनलेले स्त्रीलिंगी कर्तृवाचक रूप असून त्याचा सरळ अर्थ ‘जगणारी, जिवंत’ असा होतो. पहिले खलिफा अबू बक्र यांची कन्या आणि प्रेषित मुहम्मद यांची पत्नी आयेशा हिच्यामुळे ते सर्वदूर रुजले. तुर्कीत त्याचे ‘आयशे’ झाले. गंमत म्हणजे आपल्या ‘ऐषआराम’मधला ‘ऐष’ही त्याच धातूचा आहे, आणि इजिप्तच्या बोलीत तर ‘ऐश’ म्हणजे चक्क भाकरी.