तुमचे प्रश्न : गाळा आपला, अड्डा भाडेकरूचा

प्रश्न : सिडकोत आमचा एक गाळा आहे, तो कॅरम क्लबसाठी म्हणून भाड्याने दिला होता. परवा रात्री तिथं धाड पडली, तीन पत्ती चालू होती म्हणे. आता पोलीस मलाही बोलावतायत. मी आयुष्यात पत्त्याला हात लावला नाही. आणि पुतण्या तिथं नुसता चहा प्यायला बसलेला, त्यालाही धरलंय. काय करू?
— एक वाचक, सिडको, नाशिक

उत्तर : दादा, घाबरू नका, पण "मी खेळत नव्हतो" एवढ्यावर सुटाल असंही समजू नका. आपल्याकडे अजून १८८७ चाच जुगार प्रतिबंधक कायदा चालतो. त्याचं कलम ४ अड्डा चालवणाऱ्याला तर धरतंच, पण जाणूनबुजून जागा वापरू देणाऱ्या मालकालाही सोडत नाही. कैद दोन वर्षांपर्यंत, आणि कोर्टाने खास कारण नोंदवलं नाही तर पहिल्याच गुन्ह्याला किमान तीन महिने न ५०० रुपये दंड.

तेव्हा तुम्हाला ठाऊक होतं का, यावर सगळं अडतं. रजिस्टर केलेला करार, बँकेत आलेलं भाडं, भाडेकरूची पोलीस ठाण्यात दिलेली माहिती, हे सगळं घेऊन वकिलासोबत जा. पण आजूबाजूच्या गाळ्यांच्या दुप्पट भाडं रोख घेत असाल, किंवा शेजाऱ्यांनी व्हॉट्सअॅपवर दहा वेळा कळवूनही गप्प बसला असाल, तर तेच मेसेज उद्या तुमच्या विरोधात येतील, आणि नालेत, म्हणजे जागावाला खेळातून स्वतःसाठी कापून घेतो त्या पैशात, तुमचा वाटा असेल तर मग बोलायलाच नको.

पुतण्याचं जरा अवघडच आहे. कलम ५ म्हणतं, खेळ चालू असताना अड्ड्यात सापडलेला माणूस खेळायलाच आला होता असं धरायचं, नव्हता हे त्याने दाखवायचं. शिक्षा सहा महिन्यांपर्यंत, पहिल्या वेळी साधारण एक महिना न २०० रुपयांपासून सुरू. म्हणून पंचनाम्याची नक्कल आधी मिळवा, त्याच्यासमोर पत्ते न पैसे दाखवलेत का ते बघा, चहावाल्याची साक्षही कामी येते.

प्रश्न : गणपतीत रात्री मंडपात पोरं जागरणाला पैसे लावून पत्ते खेळतात. घरी चालतं मग इथं का नाही?
— मंडळाचा कार्यकर्ता, पंचवटी

उत्तर : घरी चार मित्र बसले न घरवाला नाल घेत नसेल तर तो पत्त्यांचा अड्डा होत नाही. (मटक्याला ही सवलत नाही, तिथं घरवाला नफा घेत होता हे पोलिसांना दाखवायचीही गरज नसते.) मंडप मात्र रस्त्यावर, सगळ्यांना मोकळा, तिथं कलम १२ खाली पोलीस वॉरंटशिवाय उचलू शकतात. रमीचं म्हणाल तर सुप्रीम कोर्टाने १९६८ मध्ये ती कौशल्याचा खेळ मानली, तीन पत्तीला ते लागू नाही, आणि रमीवरही जागावाला कमाई करत असेल तर गुन्हा होऊ शकतो असं त्याच निकालात आहे.

प्रश्न : मोबाईलवरच्या रमीत नवऱ्याने मित्राकडून उधार घेऊन पैसे घालवले. केस होईल का?
— एक ताई, नाशिकरोड

उत्तर : ताई, २०२५ च्या केंद्राच्या कायद्यात पैशाचे ऑनलाइन खेळ, मग कौशल्याचे असोत की नशिबाचे, बंदच केलेत, पण शिक्षा चालवणाऱ्याला, तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक कोटीपर्यंत दंड किंवा दोन्ही. जाहिरात करणाऱ्यालाही आहे. नुसतं खेळणाऱ्याला नाही. मित्राची उधारी वेगळी गोष्ट, पैसे कशासाठी घेतले हे त्याला माहीत होतं का, ते वकिलाला आधी सांगा, आणि तोवर कोऱ्या कागदावर किंवा चेकवर सही देऊ नका.