कपाट उघड, एकेक फाईल बाहेर काढ

कराड,
९ मे २०२१

प्रिय लेकी,
अनेक आशीर्वाद.

परवा रात्री तू विचारलंस, "सर, वकिलीचं ऑफिस सोडून देऊ का?" आणि मी "बघू" म्हणून वेळ मारून नेली. ते बरोबर झालं नाही. तुझा आवाज दाटला होता, मला पटकन काही सुचेना. आज रविवार, कोरोनाच्या टाळेबंदीने बाहेर रस्ता ओस पडलाय, म्हणून नीट बसून लिहितो.

ऑफिस सोडू नकोस, निदान आत्ताच नको. आधी कपाट उघड. तीन वर्षांत तुझ्याकडे किती फायली जमल्या, ते तुलाही नक्की ठाऊक नसेल. एकेक बाहेर काढ आणि जाड वहीत लिही: पक्षकाराचं नाव, फोन, प्रकरण कुठल्या टप्प्यावर आहे, शेवटचा आदेश काय, मुदत कधी संपते, फी किती यायची आहे. आणि मग रोज दहा जणांना फोन कर.

हे मी पुस्तकात वाचून सांगत नाही. गेल्या वर्षी मार्चमध्ये कोर्ट बंद झालं आणि मी हातावर हात ठेवून बसलो. कोर्टाच्या ॲपवर पुढची तारीख आली की कळवू, असं म्हणत राहिलो. जूनमध्ये एका जुन्या पक्षकाराच्या मुलाचा फोन आला. वाटपाचा दावा, बारा वर्षं माझ्याकडे. त्यांनी दुसरे वकील दिले होते, माझी नाहरकत हवी होती. मुलगा म्हणाला, "साहेब, तुमचा काही निरोपच नाही. आम्हाला वाटलं, तुम्ही काम थांबवलं." एका शब्दानंही तो वाकडं बोलला नाही, आणि त्याचंच मला जास्त लागलं. त्या तीन महिन्यांत मी एक फोन केला असता तर ती फाईल आजही माझ्या कपाटात असती.

पहिल्या फोनला फीचं नाव काढू नकोस. घरी सगळे बरे आहेत का, विचार. मग त्याच्या प्रकरणाची एक तरी पक्की गोष्ट सांग. ज्यांच्या बाजूने मनाई हुकूम आहे त्यांना सध्या झोप नसते, हुकमाची मुदत संपली तर काय, या धास्तीने. उच्च न्यायालयाने अशा अंतरिम, म्हणजे तात्पुरत्या, आदेशांना मुदतवाढ दिली आहे, हे त्यांना तुझ्या तोंडून कळू दे. ते एक वाक्य ऐकून माणूस किती सैल होतो, बघ.

मुदतीच्या बाबतीत मात्र फार सावध राहा. सर्वोच्च न्यायालयाने २३ मार्च २०२० ला दावे, अपिलं, अर्ज दाखल करायला मुदतवाढ दिली, या वर्षी ८ मार्चला ती संपवली, आणि लाट उसळली तशी २७ एप्रिलला पुन्हा लागू केली. म्हणून सगळे निर्धास्त झालेत. तू होऊ नकोस. मुदतवाढ ही अडल्यानडल्याला आहे, आपण मूळ तारीखच धरून चालायचं. चेक न वटल्याची नोटीस चेक परत आल्याच्या बँकेच्या मेमोपासून तीस दिवसांत रजिस्टर पोस्टाने पाठव. पोस्ट चालू आहे. आणखी एक, जे भलेभले विसरतात: नोटिशीची, फिर्यादीची मुदत वाढली, चेकचं आयुष्य वाढलेलं नाही. ते तीनच महिने. "सगळं उघडलं की टाकू" म्हणून ड्रॉवरमध्ये चेक ठेवून बसलेले व्यापारी तुझ्या यादीत असतील. त्यांना पहिला फोन कर.

तसंच फौजदारीचं. मुदतवाढ पोलिसांच्या दोषारोपपत्राला लागू नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने गेल्या वर्षी १९ जूनला एस. कासी प्रकरणात स्पष्ट केलं. कोणाचा मुलगा आत असेल तर दोषारोपपत्र साठ दिवसांत यायला हवं की नव्वद, ते कलम बघून ठरव, कॅलेंडरवर खूण कर, आणि मुदत उलटली की दुसऱ्याच दिवशी जामिनाचा अर्ज तयार ठेव. तुझ्या अर्जाआधी दोषारोपपत्र दाखल झालं तर जामिनाचा तो हक्क गेला. परवा ७ मेला कारागृहांतली गर्दी कमी करण्याचाही आदेश आला आहे. गेल्या वर्षी ज्यांना तात्पुरतं सोडलं होतं त्यांना पुन्हा सोडायचं म्हणून. तुझ्या यादीत असं कोणी असेल तर त्याची आई तुझ्या फोनची वाट बघते आहे, असं समज.

काम नाही म्हणतेस, पण काम दुसऱ्या रूपात येतं आहे. भाडेकराराची नोंदणी ऑनलाइन होते, अंगठ्याचा ठसा घेणारं यंत्र घेऊन ठेव. आणि मृत्युपत्रं. याविषयी बोलताना लोकही चाचरतात आणि आपणही. गेल्या महिन्यात एका गावातून निरोप आला. एक आजोबा, घरात दोघं बाधित, ते स्वतः वेगळ्या खोलीत. त्यांना मृत्युपत्र करायचं होतं. मी मसुदा फोनवर दोनदा वाचून दाखवला, एकदा मुलं बाजूला असताना, एकदा फक्त त्यांना. मग अंगणात गेलो. खिडकीच्या गजांतून कागद ताटात ठेवून आत सरकवला. आजोबांनी खाटेवर पाट घेतला, त्यावर कागद ठेवला, चष्मा पुसला आणि सही करायला लागले. हात थरथरत होता, तरी आडनाव पुरतं लिहिलं. बाहेर तुळशीजवळ दोन साक्षीदार उभे, दोघांनाही सही करताना ते स्वच्छ दिसत होते. मग तोच कागद खिडकीच्या कट्ट्यावर ठेवून, आजोबांच्या समोर, दोघांनी सह्या केल्या. कायद्याला एवढंच हवं असतं. मुद्रांक नको, नोंदणी सक्तीची नाही. त्यांच्या डॉक्टरांचा दाखला मात्र मी मागून घेतला, कारण उद्या वाद झाला तर तोच उपयोगी पडणार. आजोबा आता हिंडतफिरत आहेत. त्यांच्या मुलाने फी दिली आणि वर इंद्रायणी तांदळाचं पोतं. ते मी नको म्हटलं नाही.

फीचं सांगतो. ज्याचा पगार चालू आहे, ज्याचं उसाचं बिल जमा झालंय, त्याला सरळ मागायची, त्यात लाज नाही. ज्याचं हॉटेल, सलून, टपरी बंद आहे त्याला टप्पे पाडून दे: नोटिशीचे एवढे, मसुद्याचे एवढे, बाकीचं कोर्ट उघडल्यावर. जे ठरेल ते लिहून दे, पावती दे. आणि घाबरलेल्या माणसाकडून, विशेषतः ज्याच्या घरातला माणूस आत आहे किंवा ऑक्सिजनवर आहे त्याच्याकडून, आगाऊ मोठी रक्कम घेऊ नकोस. तो देईल. दागिना मोडून देईल. पण या गावात तुला अजून तीस वर्षं काढायची आहेत.

ऑफिसच्या भाड्याबद्दल मालकाला कायदा दाखवायला जाऊ नकोस. दिल्लीच्या खान मार्केटमधल्या दुकानाच्या प्रकरणात तिथल्या उच्च न्यायालयाने मे २०२० मध्येच सांगितलं की टाळेबंदी आहे म्हणून भाडं आपोआप थांबत नाही. त्यापेक्षा घरी जा, ओसरीवर लांब बस, "सहा महिने निम्मं, राहिलेलं पुढे हप्त्याने" असं बोल आणि दोन ओळींचा कागद कर. कारकुनाचा पगार मात्र थांबवू नकोस. त्याला एकटीने पोसणं जड जात असेल तर शेजारच्या दोघांना विचार, तिघांत मिळून ठेवा. रोजनामा, म्हणजे कोर्टातल्या रोजच्या कामाची नोंद, कुठे मिळतो, नक्कल कशी निघते, हे त्याला आपल्यापेक्षा जास्त कळतं.

तू नोकरीचा विषय काढलास. पूर्णवेळ पगारी नोकरी घ्यायची तर बार कौन्सिलला कळवून वकिलीची सनद स्थगित करावी लागते, स्वतःचा धंदाही चालवता येत नाही. चोरून करू नकोस. पण शिकवता येतं, कायदाच काय, दुसरे विषयही. कायद्याच्या परीक्षांच्या शिकवण्याही घेता येतात. संध्याकाळी दोन तास ऑनलाइन घे. तू समजावून छान सांगतेस, हे मी बार रूममध्ये कितीदा ऐकलंय. आणि तो व्हॉट्सॲपवर टाकायचा फलक, "सर्व प्रकारची कामे केली जातील" वाला, काढून टाक. वकिलाला जाहिरात चालत नाही, तक्रार झाली तर या दिवसांत निस्तरणं होणार नाही.

आता शेवटचं, ज्यासाठी खरं तर हे पत्र लिहायला बसलो. आपल्या वकील संघातली माणसं या महिन्यात गेली, तुला माहीत आहे. एकाच्या घरी मी गेलो होतो, दारातूनच बोललो. वहिनींनी विचारलं, "यांच्या फायलींचं काय करू? लोकांचे फोन येताहेत, मला काहीच ठाऊक नाही." मोबाइलला लॉक, डायरी त्यांच्याच अक्षरात, आणि कपाटात लोकांची मूळ खरेदीखतं. तू एकटी काम करतेस, म्हणून हे आज ऐक. मूळ कागद पक्षकारांना पोच घेऊन परत कर, आपल्याकडे नकला पुरेत. तारखांच्या वहीचे फोटो दर शनिवारी मला पाठव. जिथे पक्षकार तयार असेल तिथे वकीलपत्रावर तुझ्यासोबत माझंही नाव घाल. फीचा संबंध नाही. तू पंधरा दिवस पडून राहिलीस तर मी उभा राहीन, मी पडलो तर माझी वही तुझ्याकडे असेल. माझ्याही फायलींची यादी करून ठेवली आहे, कारकुनाच्या हातून पाठवतो.

उद्या सकाळी अकराला फोन करतो. तोवर निदान वरच्या खणातल्या फायली वहीत उतरवून ठेव, आणि चेकची प्रकरणं वेगळी काढ.

तुझा,
सर