गराजच्या दाराचा सेन्सर घरी डाख देऊन दुरुस्त करता येईल का?

तुमच्या प्रश्नातून मला समजलं ते असं. घर न्यू जर्सीत, ओपनर, म्हणजे दार उघडणारं-मिटणारं मोटरचं यंत्र, बारा-तेरा वर्षांचा. थंडी पडल्यापासून सकाळी दार अर्ध्यावर येतं आणि आपोआप पुन्हा वर जातं. दाराच्या दोन्ही बाजूंना खाली समोरासमोर बसवलेल्या सेन्सरपैकी एकाचा पिवळा दिवा नीट लागलेला असतो, समोरच्याचा हिरवा लुकलुकतो. दुरुस्तीवाला म्हणाला अख्खा ओपनर बदला. ओळखीच्या एकाने सांगितलं, दोन्ही सेन्सर काढून समोरासमोर चिकटपट्टीने बांधा आणि छताला टांगा. तुमच्याकडे सोल्डरिंग आयर्न आणि मल्टीमीटर आहे, तेव्हा सेन्सरच उघडून दुरुस्त करावा का?

करता येतो. मी सांगलीला पॉलिटेक्निकला इलेक्ट्रॉनिक्स शिकले, आता मिशिगनमध्ये राहते, आणि असे दोन सेन्सर उघडून चालू केले आहेत. पण ते समोरासमोर बांधणं एका रात्रीपुरतंसुद्धा करू नका. दुरुस्ती होईपर्यंत भिंतीवरचं बटण दार पूर्ण खाली येईस्तोवर दाबून धरा. बहुतेक ओपनर असं दाबून धरल्यावर सेन्सरची वाट न पाहता दार बंद करतात. तेवढा वेळ दारावरची नजर हलवू नका.

बांधायला मी एवढा विरोध का करते ते सांगते. अमेरिकेत १९८० च्या दशकात आपोआप बंद होणाऱ्या दाराखाली सापडून अनेक लहान मुलं गेली. त्यानंतर १९९० साली संसदेने कायदा केला आणि १ जानेवारी १९९३ पासून घरगुती ओपनरला अडकलेलं माणूस ओळखणारी वेगळी सोय सक्तीची झाली. या दोन डोळ्यांची गरज तिथून आली. ते जमिनीपासून सहा इंचांपेक्षा वर लावायचे नाहीत, कारण रांगणारं मूल तेवढ्याच उंचीवर असतं. छताला टांगलेले डोळे एकमेकांकडे बघत बसतात आणि ओपनरला कायम ‘खाली कुणी नाही’ असंच सांगत राहतात.

आमच्याकडे सासूबाई साताऱ्याहून उन्हाळ्यात येतात आणि गराजच्या तोंडाशी खुर्ची टाकून भाजी निवडत बसतात. रस्ता दिसतो, कुणी आलं-गेलं कळतं. दार आपोआप खाली येतं ही गोष्ट त्यांच्या अंगवळणी पडलेली नाही. ज्यांच्याकडे भारतातून आईवडील सहा-सहा महिने येऊन राहतात, त्या सगळ्यांना मी हे मुद्दाम सांगते.

आता आतल्या कामाकडे. हे नीट कळलं तर काय दुरुस्त करायचं आणि कशाला हात लावायचा नाही, दोन्ही आपोआप ठरतं. तुमच्या वर्णनावरून तुमची जोडी पिवळ्या-हिरव्या दिव्यांची, दोन-दोन तारांची आहे. पिवळा दिवा असतो तो पाठवणारा. डोळ्यांना न दिसणारा इन्फ्रारेड प्रकाश तो ठोक्या-ठोक्यांनी सोडतो. हिरवा दिवा असतो तो घेणारा. दोघांच्याही दोन्ही तारा ओपनरच्या मागच्या त्याच दोन स्क्रूंना जातात, म्हणजे वीज आणि निरोप एकाच जोडीवरून. माझ्या ओपनरवर त्या दोन टोकांमध्ये साधारण ५ ते ६ व्होल्ट डीसी मिळतात.

निरोप कसा जातो ते पाहण्यासारखं आहे. घेणाऱ्याला किरण दिसला की तो क्षणभर ती तार खाली ओढतो, सोडतो, पुन्हा ओढतो. ओपनर हे ठोके मोजत असतो. ठोके येत आहेत तोवर दार बंद करायला परवानगी. तार तुटली तर ठोके नाहीत. दोन तारा एकमेकींना चिकटल्या तरी ठोके नाहीत. सेन्सर जळला, किरण अडला, वीज गेली, काहीही झालं तरी ओपनरला शांतताच ऐकू येते आणि शांतता म्हणजे धोका असंच त्याला शिकवलेलं असतं. ‘सगळं ठीक’ हा निरोप कुणीतरी सतत जिवंतपणे द्यावा लागतो. सुरक्षेच्या यंत्रात हाच गुण मला सगळ्यात मोलाचा वाटतो, आणि आपल्या दुरुस्तीने तो मोडता कामा नये.

यातूनच तुमच्या थंडीच्या तक्रारीचा माग लागतो. घेणारा तार खाली ओढतो त्या क्षणी दोन्ही सेन्सरचा वीजपुरवठाही तुटतो, कारण तार तीच. तेवढा क्षण ते आतल्या छोट्या इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरमध्ये साठलेल्या विजेवर काढतात. हा कपॅसिटर वर्षानुवर्षं वाळत जातो. थंडीत त्यातला द्राव आणखी मंदावतो, आतला रोध वाढतो आणि साठा पुरेनासा होतो. सेन्सर क्षणभर बेशुद्ध पडावा तसं होतं. हिरवा दिवा लुकलुकतो, दार उतरता उतरता एखादा ठोका चुकला की ओपनर दार माघारी नेतो. दुपारी गराज तापलं की तोच सेन्सर शहाण्यासारखा वागतो.

म्हणून पहिली चौकशी घड्याळाची. बिघाड पहाटे आणि थंडीत असेल तर कपॅसिटर, नाहीतर डाख तडकलेला. बिघाड रोज ठरावीक वेळी, ऊन तिरपं येतं तेव्हा असेल तर सेन्सर बहुधा चांगलाच आहे. सूर्यप्रकाशात इन्फ्रारेड भरपूर असतो आणि तो घेणाऱ्याला आंधळं करतो. तेव्हा दोघांच्या जागा बदला, घेणारा सावलीच्या बाजूला जाऊ द्या. पावसानंतर बिघडत असेल तर तारेचे जोड आणि गंज बघा. आणि भिंगावरचं कोळ्याचं जाळं, धूळ, वाकलेलं ब्रॅकेट हे तर सगळ्यांच्या आधी. मऊ कपड्याने पुसा, हिरवा दिवा स्थिर होईपर्यंत ब्रॅकेट सावकाश फिरवा.

यानंतरही सेन्सर लगेच उघडू नका. माझा अनुभव असा की सेन्सरपेक्षा तारच जास्त वेळा मेलेली असते. घर बांधताना ती तार भिंतीवर स्टेपल ठोकून नेलेली असते. एखादा स्टेपल आवरणात रुतलेला असतो आणि दहा-पंधरा वर्षांनी तिथे तांबं हिरवं पडतं. तपासणी सोपी आहे. ओपनरचा प्लग काढा. कुठली तार कुठल्या स्क्रूला होती त्याचा फोटो काढा, भिंतीतून आलेल्या तारा सोडवा. दोन्ही सेन्सर ब्रॅकेटवरून काढून शिडीवर, ओपनरजवळच समोरासमोर ठेवा आणि हातभर नव्या तारेने थेट त्या स्क्रूंना जोडा. मग प्लग लावून फक्त दिवे बघा, दार चालवू नका. थंड सकाळीही दोन्ही दिवे ठाम राहिले तर दोष भिंतीतल्या तारेत. नवी तार ओढा, काम संपलं. इथेही हिरवा लुकलुकला तर सेन्सर उघडायला हरकत नाही. तपासणी झाली की ते लगेच खाली आपापल्या जागी गेले पाहिजेत.

एक इशारा. ओपनरच्या पेटीत १२० व्होल्ट असतात, तिचं झाकण या कामासाठी उघडायची गरज नाही. आणि दारावरच्या आडव्या दांड्यावरची जाड स्प्रिंग भयंकर ताणलेली असते, तिला कधीच हात लावू नका.

सेन्सरचं आवरण काहींचं स्क्रूने बसवलेलं असतं, काहींचं खटक्यांनी. पातळ पात्याने कडेकडेने सोडवा. आत राळेने भरून टाकलेलं असेल तर तिथेच थांबा आणि नवीन आणा. उघडलं तर पाठवणाऱ्यात एक इन्फ्रारेड एलईडी, एक दिसणारा एलईडी, ठोके तयार करणारं छोटं सर्किट आणि कपॅसिटर सापडेल. घेणाऱ्यात गडद गाळणीच्या मागे प्रकाश टिपणारा भाग, बहुतेक वेळा पत्र्याच्या डबीत, आणि तार ओढणारा ट्रान्झिस्टर.

पाठवणारा चालतो का ते फोनच्या कॅमेऱ्यातून कळतं. सेल्फीचा कॅमेरा वापरा, बऱ्याच फोनच्या मागच्या कॅमेऱ्यावरची गाळणी इन्फ्रारेड अडवते. एलईडी जांभळट चमकताना दिसेल. चमक दिसली नाही तर वीज काढून मीटर डायोडवर लावा. चांगला इन्फ्रारेड एलईडी १.२ व्होल्टच्या आसपास दाखवतो, दिसणाऱ्या लाल एलईडीपेक्षा बराच कमी.

मग भिंगाखाली डाख तपासा. तारा बोर्डाला जिथे येतात तिथे आणि एलईडीच्या पायांभोवती बारीक गोल तडा दिसतो का बघा. दाराच्या प्रत्येक फेरीला भिंत हादरते, त्याचा त्रास या जागांना होतो. मी उघडलेल्यांपैकी एकात एवढंच निघालं. जुनं कथील शोषून घेतलं, फ्लक्स लावला, नवा डाख दिला.

दुसऱ्यात कपॅसिटर होता. ओळखण्याची माझी पद्धत अशी: सेन्सर चालू ठेवून केस वाळवायच्या ड्रायरने बोर्ड हलकेच गरम करायचा. हिरवा दिवा स्थिर झाला, आणि गार पडल्यावर पुन्हा लुकलुकू लागला, तर संशय पक्का. खात्रीसाठी वीज काढून त्याच मापाचा चांगला कपॅसिटर जुन्याच्या पायांवर समांतर टेकवून डाखा, धन-ऋण बाजू जुळवून, आणि पुन्हा थंडीत पाहा. लुकलुक थांबली तर जुना काढून नवा बसवा. मायक्रोफॅरड तेवढेच, व्होल्टेज तेवढं किंवा वरचं, आणि १०५ अंश सेल्सियसपर्यंत चालणारा. तो काही पैशांचा असतो, स्वस्तातला जुना साठा घेऊ नका. उंची पाहून घ्या, आवरण बंद झालं पाहिजे. पट्टी असते ती ऋण बाजू. दोन्ही सेन्सर एकाच वयाचे, एकाच थंडीतले आहेत, तेव्हा एकाचा गेला असेल तर दुसऱ्याचाही बदलून टाका.

शेवटी आयसोप्रोपिल अल्कोहोलने फ्लक्स पुसून काढा. काम करताना इन्फ्रारेड एलईडी आणि टिपणारा भाग जागचे हलवू नका. त्यांच्या पुढच्या भिंगाचा केंद्रबिंदू ठरलेला असतो. पाय मिलिमीटरभर वाकला तरी आठ-दहा फुटांवर किरण भलतीकडे जातो.

इथपर्यंत दुरुस्ती. याच्या पुढे मी जात नाही. टिपणारा भाग, त्याची चिप किंवा मायक्रोकंट्रोलर गेला असेल तर जोडी टाकून द्या. रिमोटच्या रिसीव्हरमधला भाग काढून तिथे बसवायचा मोह होतो, तो टाळा. एलईडीचा करंट वाढवणं किंवा घेणाऱ्याची संवेदना वाढवणं त्याहून वाईट. आता दिवा छान स्थिर दिसेल, पण जास्तीचा प्रकाश गाडीच्या चकचकीत बंपरवरून किंवा ओल्या फरशीवरून उडून वळसा घालत समोर पोचू शकतो. म्हणजे मध्ये मूल बसलेलं असताना ठोके चालूच. कपॅसिटर किंवा डाख बिघडला तर दार बंद होत नाही, गैरसोय होते एवढंच. संवेदना वाढवलेला सेन्सर मात्र खोटं बोलू शकतो. बदली जोडी तीस-चाळीस डॉलरच्या आसपास मिळते, ओपनरच्या मॉडेलशी जुळणारीच घ्या. घर भाड्याने दिलं असेल किंवा विकायचं असेल तर दुरुस्तीच्या भानगडीत न पडता नवीच लावा, दुसऱ्याच्या लेकरांची जबाबदारी आपल्या डाखावर ठेवू नये.

दुरुस्त सेन्सर जागेवर लावल्यावर चाचणी घ्यावी लागते, आणि ती मी सोडत नाही. दार बंद होत असताना लांब काठीच्या टोकाला बांधलेलं खोकं किरणात सरकवा. आधी पाठवणाऱ्याजवळ, मग मधोमध, मग घेणाऱ्याजवळ. तिन्ही वेळा दार लगेच माघारी फिरून पूर्ण वर गेलं पाहिजे. नंतर प्लग काढून एका सेन्सरची एक तार सोडा, प्लग लावा आणि बटण एकदा दाबून सोडा. दार बंद होता कामा नये. बऱ्याच ओपनरचा दिवा इथे उघडझाप करून तक्रार सांगतो. तार पुन्हा जोडल्यावर शेवटची चाचणी: दाराच्या मधोमध जमिनीवर टू-बाय-फोर लाकूड आडवं ठेवा, म्हणजे दीड इंच उंची होते. दार त्याला टेकल्यावर दोन सेकंदांत उलटं फिरलं पाहिजे. ही सेन्सरची नाही, ओपनरच्या जोराची परीक्षा. पण किरण एकाच रेषेत बघतो, त्याच्या वर-खाली असलेलं त्याला दिसत नाही, तेव्हा ही दुसरी राखणही चोख हवी. हे सगळं एकदा दुपारी आणि एकदा कडाक्याच्या थंडीतल्या सकाळी करा. पुढे महिन्यातून एकदा करत राहा.

तुमच्या वर्णनावरून माझा कौल घेणाऱ्याच्या कपॅसिटरला आहे, पण भिंतीतली तार आधी बाद करा. हातभर तारेवर थंड सकाळी दोन्ही दिवे कसे वागले, आणि दोन टोकांमध्ये मीटरवर किती व्होल्ट आले, ते इथेच लिहा. बोर्डाचा दोन्ही बाजूंचा फोटो टाकलात तर कुठला कपॅसिटर काढायचा ते बघून सांगते.