नव्या कॉम्प्लेक्सच्या मोकळ्या पार्किंगमध्ये दिवे कुठे, किती आणि किती वॅटचे लावावेत?

तुमच्या प्रश्नातून मला कळलं ते असं: नाशिकजवळ दुकानं आणि ऑफिसांचं कॉम्प्लेक्स बांधताय, आरसीसीचं काम चालू आहे, मागच्या बाजूला साधारण 60 मीटर बाय 32 मीटर मोकळं पार्किंग आहे आणि ठेकेदार म्हणतोय की दिव्यांचं शेवटी बघू, कंपाउंडवर चार मोठे फ्लडलाइट मारले की झालं. खांब लावावेत का, किती आणि किती वॅटचे, हे तुम्हाला हवंय.

मी इलेक्ट्रिकल कन्सल्टंट आहे. अशी कामं कायम हातात असतात, म्हणून ठामपणे सांगतो. दिवा कुठल्या कंपनीचा हे अगदी शेवटी ठरवा, काही बिघडत नाही. पण खांब कुठे उभा राहणार आणि त्याच्यापर्यंत पाइप कुठून जाणार, हे पेव्हर ब्लॉक बसायच्या आधी ठरलंच पाहिजे. खरं तर आर्किटेक्ट गाड्यांच्या रेघा मारतो त्याच नकाशावर. पेव्हर बसले की ते उचलून चर खणायला कोणी तयार होत नाही. मग जागा उरते ती कंपाउंडची भिंत, आणि तिथे फ्लडलाइट येतात. बहुतेक ठिकाणी ते विचार करून लावलेले नसतात, दुसरा मार्ग राहिलेला नसतो म्हणून लागतात.

फ्लडलाइटला माझा विरोध का, तेही सांगतो. भिंतीवरून 32 मीटर रुंदी भरायची तर दिवा वर तिरपा करावा लागतो. तसा केला की गाडी वळवणाऱ्याच्या थेट डोळ्यांत उजेड जातो आणि समोरून चालत येणारा माणूस दिसत नाही. दोन गाड्यांच्या मधल्या फटीत गडद सावली पडते. शेजारच्या बंगल्याच्या खिडकीत रात्रभर उजेड, त्यावरून वाद. आणि भिंतीजवळ लख्ख, मध्ये अंधार, अशी जमीन ठिपक्याठिपक्यांनी उजळते.

आता तुमच्या जागेचं प्रत्यक्ष गणित करू. एका गाडीची जागा 2.5 मीटर बाय 5 मीटर आणि मधली गल्ली 6 मीटर धरली, तर गाडी-गल्ली-गाडी असा एक पट्टा 16 मीटरचा होतो. तुमच्या 32 मीटरमध्ये असे दोन पट्टे बरोबर बसतात आणि मध्ये गाड्यांच्या दोन रांगा एकमेकींना पाठ लावून उभ्या राहतात. खांबांची जागा हीच, ही मधली रेघ. लांबीच्या दोन्ही टोकांना 6-6 मीटरची आडवी गल्ली सोडली की 48 मीटर उरतात, त्यात एका रांगेत 19 गाड्या येतात. पहिला खांब पहिल्या आणि दुसऱ्या गाडीमधल्या रेघेवर घ्या आणि पुढे दर 6 गाड्यांनंतर एक. म्हणजे खांब 15-15 मीटरवर येतात, चौथा खांब बरोबर रांगेच्या शेवटी पडतो आणि प्रत्येक खांब गाड्यांच्या कोपऱ्यांवर उभा राहतो, कोणाच्याही जागेच्या मधोमध येत नाही. ही जुळणी नकाशावर पाच मिनिटांत होते. साइटवर मात्र नंतर काही केल्या होत नाही.

खांब 8 मीटरचे, प्रत्येकावर दोन्ही बाजूंना एकेक फिटिंग. खांबापासून पार्किंगची कड 16 मीटरवर आहे, म्हणजे उंचीच्या दुप्पट. पुढे उजेड फेकणाऱ्या लेन्सची चांगली एलईडी फिटिंग एवढं अंतर आडवी ठेवूनही पार करते. ‘आडवी’ हा शब्द महत्त्वाचा आहे. फिटिंग तिरपी करून लांब पोहोचायचं नाही, लेन्स बरोबर निवडून पोहोचायचं.

वॅट किती? वॅटपासून सुरुवातच करू नका. 100 वॅटचीच एक फिटिंग 9000 ल्युमेन (दिव्यातून निघणारा एकूण उजेड) देते, तर दुसरी 14000. जमिनीवर किती लक्स हवे ते आधी ठरवा. लक्स म्हणजे एका चौरस मीटरवर पडणारे ल्युमेन. पौर्णिमेचं चांदणं अर्ध्या लक्सपेक्षाही कमी असतं, यावरून अंदाज येईल. युरोपच्या बाहेरच्या दिव्यांच्या मानकात, ईएन 12464-2 मध्ये, पार्किंगसाठी कमी वर्दळीला 5, मध्यम वर्दळीला 10 आणि मोठ्या शॉपिंग सेंटरसारख्या गर्दीला 20 लक्स सरासरी दिलेली आहे. तुमच्या कॉम्प्लेक्ससाठी मी 15 धरीन.

क्षेत्रफळ 1920 चौरस मीटर. त्याला 15 ने गुणलं की 28800. पण फिटिंगमधून निघालेला सगळा उजेड पार्किंगवर पडत नाही, निम्म्याहून थोडा कमीच कामी येतो, म्हणून 0.45 ने भागायचं. शिवाय धूळ बसते, एलईडी हळूहळू मंदावतात, त्यासाठी पुन्हा 0.75 ने भागायचं; यालाच मेंटेनन्स फॅक्टर म्हणतात. भागाकार येतो सुमारे 85000 ल्युमेन. आठ फिटिंगमध्ये वाटले तर प्रत्येकी साधारण 10700. वॅटला 120 ल्युमेन देणारी फिटिंग असेल तर 90 वॅट पुरतात. आठही मिळून 720 वॅट, म्हणजे चौरस मीटरला 0.4 वॅटच्या आत. मोठ्या व्यापारी इमारतींसाठीच्या ऊर्जाबचतीच्या संहितेत, ईसीबीसी 2017 मध्ये, उघड्या पार्किंगला चौरस मीटरला 1.6 वॅटची कमाल मर्यादा दिली होती; नीट आखलेलं काम तिच्या आसपासही जात नाही.

हा झाला अंदाज. पक्कं करण्यासाठी कंपनीकडून डायलक्स या उजेडाचं गणित करणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये केलेला रिपोर्ट मागवा. विचारलं की बहुतेक कंपन्या तो फुकट करून देतात. रिपोर्ट हातात आला की सरासरी बघून खूश होऊ नका. सगळ्यात कमी आकडा शोधा आणि तो सरासरीच्या किमान पाव आहे का ते पाहा. सरासरी 15 असेल तर सगळ्यात अंधाऱ्या कोपऱ्यात 4 लक्सच्या खाली जायला नको. दुसरं, मेंटेनन्स फॅक्टर किती धरलाय ते वाचा. काही जण तिथे 1 टाकतात, म्हणजे दिवा कधी मळतच नाही असं गृहीत धरतात, आणि मग कागदावर कमी फिटिंगमध्ये भागतं. 0.75 किंवा 0.8 टाकून रिपोर्ट पुन्हा मागा. आणि नकाशात झाडं दाखवलीत का ते बघा. कडुनिंब किंवा बदाम पाच वर्षांत फिटिंगच्या आड येतो. झाडांच्या जागा आणि खांबांच्या जागा एकाच कागदावर असल्या म्हणजे हे आधीच कळतं.

आता जमिनीखालचं काम, जे मला सगळ्यात जास्त महत्त्वाचं वाटतं. भराव आणि लेव्हल झाली की पेव्हरच्या आधी फाउंडेशन घ्या. तुमच्याकडे काळी माती असेल तर ती भिजली की फुगते आणि वाळली की भेगाळते, त्यामुळे खड्डा खालच्या मुरुमापर्यंत न्या. मापं खांब पुरवणाऱ्याच्या ड्रॉइंगवरूनच घ्या आणि त्यात तुमच्या भागाचा वाऱ्याचा वेग धरलाय का ते तपासा. आयएस 875 या भारतीय मानकाप्रमाणे नाशिक-पुण्याला 39 मीटर प्रतिसेकंद धरतात, मुंबई आणि नागपूरला 44. चार फाउंडेशन बोल्ट टेम्प्लेट (बोल्ट जागेवर धरणारा साचा) लावूनच ओतायचे. टेम्प्लेट नसेल तर काँक्रीट पडताना बोल्ट हलतात, बेसप्लेटची भोकं जुळत नाहीत आणि मग साइटवर गॅसने भोकं मोठी करतात. तिथलं गॅल्व्हनायझिंग (जस्ताचा थर) जळतं आणि खांब नेमका तिथूनच गंजायला लागतो. बोल्टच्या आट्यांना ग्रीस लावून वर टेप गुंडाळायला सांगा. केबल आत यायला आणि बाहेर जायला दोन पाइप काँक्रीटच्या मधोमध आधीच सोडलेले हवेत.

काँक्रीटचा पेडेस्टल, म्हणजे खांबाखालचा चौथरा, पेव्हरच्या लेव्हलपासून दोन-अडीच फूट वर काढा. खांब मधल्या रेघेवर आहे, रिव्हर्स घेणारी गाडी कधी ना कधी मागे टेकणारच. ती काँक्रीटला टेकू दे, खांबाच्या बुडाला नको.

केबल आर्मर्ड (धातूच्या कवचाची) घ्या, पाइपातून न्या आणि 75 सेंटीमीटर खोल टाका. गाड्या जातात तिथे मीटरभर. पावसाच्या पाण्याच्या गटारापासून ही लाइन लांब ठेवा आणि वर वॉर्निंग टेप टाका, म्हणजे पुढे जेसीबी लागला तरी आधी टेप दिसते. त्याच चरात एक जादा रिकामा पाइप, आत ओढायची दोरी घालून, टाकून ठेवा. कॅमेऱ्याची लाइन कधी ना कधी लागतेच. गाड्यांच्या चार्जरचा लोड मोठा असतो, त्यासाठी वेगळा पाइप आणि पॅनेलपासून वेगळी केबल; दिव्यांच्या केबलवरून चार्जर कधीही देऊ नका.

अर्थिंगवर एक रुपयाही वाचवू नका. पावसात ओल्या खांबाला हात लागून माणसं आणि जनावरं दगावतात, हे आपण दर पावसाळ्यात ऐकतो. प्रत्येक खांबाला अर्थ जोडलेला हवा, प्रत्येक खांबात स्वतःचा एमसीबी हवा, झाकण चावीने बंद होणारं हवं आणि पॅनेलमध्ये आरसीसीबी (करंट गळायला लागला की लाइन तोडणारा स्विच) हवा. पहिल्या पावसात आरसीसीबी ट्रिप व्हायला लागला की वायरमन तो बायपास करतो, हे सर्रास चालतं. तो ट्रिप होतोय म्हणजे कुठेतरी ओल शिरली आहे. ती जागा शोधायला लावा. शोधणं सोपं जावं म्हणून चार खांब दोन सर्किटमध्ये विभागा.

फिटिंग घेताना आयपी 66 (धूळ-पाणी आत न शिरणारी), किमान 10 केव्हीचं सर्ज प्रोटेक्शन आणि 440 व्होल्ट सोसणारा ड्रायव्हर (एलईडीला वीज पुरवणारं फिटिंगमधलं सर्किट) मागा. आपल्याकडे थ्री फेज लाइनचा न्यूट्रल सैल झाला की फिटिंगवर 230 ऐवजी 400 च्या आसपास व्होल्ट येतात आणि एका रात्रीत रांगेतले ड्रायव्हर जळतात.

उजेडाचा रंग 4000 केल्विन घ्या. दुकानदार 6500 चा पांढराफेक दाखवतील, तो जास्त उजेडाचा वाटतो, पण डोळ्यांना टोचतो आणि पावसाळ्यात पाखरंही त्याच्याकडे जास्त ओढली जातात.

टायमर साधा नको, अ‍ॅस्ट्रोनॉमिकल घ्या. तो रोजच्या सूर्यास्ताप्रमाणे वेळ स्वतः बदलतो. संध्याकाळी 7 ते रात्री 10.30 पूर्ण उजेड आणि पुढे सकाळी 6 पर्यंत निम्मा, असं ठेवलं तर रोज सव्वापाच युनिट लागतात. रात्रभर पूर्ण ठेवलं तर जवळपास आठ. मात्र ‘निम्मा’ म्हणजे एक सोडून एक दिवा बंद करणं नाही. तसं केलं की मध्ये काळे पट्टे पडतात. डिम होणारा ड्रायव्हर घ्या, सगळे दिवे मंद होऊ द्या.

तुमच्या प्रश्नात दुचाकींचा उल्लेख नाही, म्हणून मुद्दाम लिहितो. जवळजवळ प्रत्येक नकाशात दुचाकींना उरलेला कोपरा मिळतो, जिन्यामागे किंवा ट्रान्सफॉर्मरच्या बाजूला, आणि तिथे दिवा नसतो. रात्री दहाला दुकान बंद करून सगळ्यात शेवटी निघणाऱ्या सेल्सगर्ल नेमक्या तिथेच गाडी लावतात. त्यांच्यासाठी त्या कोपऱ्यात 4 मीटरचा वेगळा खांब घ्या आणि दुकानाच्या मागच्या दारापासून तिथपर्यंतची चालायची वाट नकाशावर पेन्सिलने आखून, तिच्यावर सगळीकडे 10 लक्स मिळतात का ते रिपोर्टमध्ये तपासायला सांगा. फिटिंग कमी करायची वेळ आलीच तर गाड्यांच्या रांगेतून करा, या वाटेवरून नको. कॅमेराही इथेच हवा, आणि तो दिव्याकडे तोंड करून नको. समोर दिवा आला की माणसाची नुसती काळी आकृती दिसते, चेहरा नाही.

कोणीतरी सोलर खांब सुचवेल. जुलै-ऑगस्टमध्ये आपल्याकडे सलग चार-पाच दिवस ऊन पडत नाही, आणि त्याच रात्री उजेडाची सगळ्यात जास्त गरज असते. सोलर करायचंच तर गच्चीवर पॅनेल बसवून नेट मीटरिंग घ्या आणि पार्किंगचे दिवे साध्या लाइनवर ठेवा.

काम पूर्ण झाल्यावर ठेकेदाराचं शेवटचं बिल देण्याआधी, अमावास्येच्या आसपासच्या रात्री लक्स मीटर घेऊन फिरा. मोबाइलचं अ‍ॅप यासाठी भरवशाचं नाही, मीटर भाड्याने मिळतो. दोन खांबांच्या मधोमध, चारही कोपऱ्यांत, गेटजवळ आणि दुचाकींच्या जागेत जमिनीवर ठेवून आकडे लिहून घ्या आणि डायलक्सच्या कागदाशी ताडून बघा. नवे दिवे असताना आकडे कागदापेक्षा थोडे जास्तच यायला हवेत, कारण धुळीची सूट आधीच धरलेली आहे. कमी आले तर फिटिंग वेगळी आलीय किंवा लेन्स चुकीची लागलीय, आणि ती बदलून देण्याची अट वर्क ऑर्डरमध्ये आत्ताच लिहून ठेवा.